आमच्या अडीच रेसिंग कार

जालना जिल्ह्यातील तमाम नागरिकांस, विशेषतः वेगाची आवड असणाऱ्यांस, अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, रेसिंग कार बनवणाऱ्या जिल्ह्यातील एकमेव कारखान्याने आपले उत्पादन कायमचे बंद केले आहे. तरी संबंधितांनी नोंद घ्यावी.

उत्पादन खरं तर वीसेक वर्षांपूर्वीच बंद पडलं. जाहीर करायचं राहून गेलं. मधल्या काळात कुणी विचारलंही नाही, त्यामुळे घाई नव्हती. यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा’ म्हटलं, तेव्हा वाटलं, ट्रॉल्या आणि गेट यांच्यावर कोण वाचणार, त्यापेक्षा ही दुःखद वार्ता एकदाची देऊन टाकावी.

आमच्या कारखान्याने एकूण अडीच रेसिंग कार बनवल्या. अर्धी कार कशी असते, असं लोक विचारतात. सांगतो, पण आधी कारखाना सांगतो. कारखाना म्हणजे जालना एमआयडीसीच्या कडेला पत्र्याचं एक शेड, एक वेल्डिंग मशीन, एक ड्रिल, आणि आम्ही दोघे भागीदार. मी वेल्डर. माझा भागीदार रऊफभाई, इंजिनचा माणूस. मी लोखंडाला लोखंड चिकटवायचो आणि त्यातून आवाज काढायचं काम रऊफभाईचं. पोटापाण्यासाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुकानांची शटरं आणि बियाणं कंपन्यांच्या चाळण्या. आजूबाजूला सगळ्या सळईच्या गिरण्या, त्यामुळे लोखंडाची कमी कधी पडली नाही. अकलेची पडायची, पण ती काही किलोवर मिळत नव्हती.

आमच्या डोक्यात रेस शिरली ती भंगारामुळे. गिरण्यांत वितळवायला परदेशी भंगार यायचं. त्या ढिगात एकदा रऊफभाईला एक इंग्रजी मासिक सापडलं, अमेरिकेतलं, अर्धं जळालेलं. आत मातीच्या गोल मैदानावर पळणाऱ्या गाड्यांचे फोटो. बिनछताच्या, बिनदाराच्या, सगळ्या धुळीत. एका फोटोत दोन माणसं एका गाडीला टेकून उभी होती. मागे पत्र्याचं शेड. आमच्या शेडसारखंच, बाजूला पडलेले पाइपही आमच्यासारखेच. फक्त त्यांचं कुत्रं जाड होतं.

शेजारच्या गल्लीतल्या एका मास्तरांकडून आम्ही फोटोखालचा मजकूर वाचून घेतला. मास्तर म्हणाले, “हे दोघं भाऊ आहेत. छोट्या गावात राहतात. आयुष्यभर यांनी याच गाड्या बांधल्या.”

“अन् मोठे झाले का?” रऊफभाईनं विचारलं.

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“मंग बराबर हाय,” रऊफभाई म्हणाला, “आपल्यालाबी जमतंय.”

तो फोटो आम्ही गणपतीच्या तसबिरीशेजारी लावला आणि शेडबाहेर पाटी रंगवली. ‘येथे रेसिंग कार बनवून मिळतील.’ पाटीचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. वाटूरचा एक टेम्पोवाला आला.

इथे एक धंद्यातला शब्द सांगितला पाहिजे. आमच्याकडे गॅरेजच्या भाषेत रेस म्हणजे अॅक्सिलरेटर. ‘रेस दे’ म्हणजे पायाने दाब, ‘रेस धर’ म्हणजे दाबूनच ठेव. पायापासून इंजिनपर्यंत जी तार जाते ती रेसची तार. तर तो टेम्पोवाला म्हणाला, “तुमची पाटी वाचून आलो. माझ्या गाडीला रेसच न्हाई राह्यली. चढावर लोक उतरून ढकलून राह्यले.”

रऊफभाईनं तार बदलून दिली. टेम्पोवाला खूश होऊन गेला आणि त्यानं सगळ्या रस्त्यावर सांगितलं की एमआयडीसीत एक जण फक्त रेसचं काम करतो. पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे तारा तुटलेल्या गाड्यांची रांग होती. रेसिंग कार मागायला कुणी येईना. शेवटी आम्ही गिऱ्हाइकाची वाट न बघता आपणच एक कार सुरू केली.

हीच ती अर्धी. भंगारातली एक जीप कापून मी पुढचा सांगाडा झकास जोडला. रऊफभाईनं इंजिन बसवलं. मग आमच्या लक्षात आलं की इंजिन बसल्यावर माणूस बसायला जागा उरत नाही. रऊफभाईनं बराच वेळ तिच्याकडे बघून निकाल दिला, “गाडी एकदम बराबर बनली. ड्रायवर जास्तीचा हाय.” ती अर्धी कार एका शेतकऱ्यानं नेली आणि तिच्यावर पाण्याचा पंप बसवला. आमच्या अडीच गाड्यांत आयुष्यभर इमानानं राबली ती तीच.

दुसरी कार पूर्ण झाली आणि तिला गिऱ्हाईकही मिळालं. भोकरदनचा एक नवरदेव. त्याला वरातीत घोडा नको होता, रेसिंग कार हवी होती. आता घोडा आणि रेसिंग कार यांत मोठा फरक असा की, घोड्याला हळू चालायचा त्रास होत नाही. रेसिंग कारचं इंजिन वाऱ्यानं गार होतं. वारा लागायचा तर गाडी पळायला पाहिजे. आणि वरात चालते बँडच्या चालीनं. बँड दोन पावलं पुढे जाऊन तिथंच अर्धं गाणं वाजवतो. शिवाय नवरदेवाचे मामा गाडीपुढे नाचत होते आणि मामा काही केल्या पुढे सरकत नव्हते.

इंजिन तापलं. रेडिएटरचं झाकण उडालं आणि वाफेचा लोट थेट फेट्यात शिरला. नवरदेवाला भाजलं वगैरे काही नाही, पण मांडवात शिरला तेव्हा त्याचा फेटा सुटून गळ्यात आला होता आणि तोंड सायलेन्सरच्या काजळीनं काळं झालं होतं. नवरीनं अंतरपाट खाली आल्यावर आधी बापाकडे बघितलं.

या वरातीत माझे वडील होते.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. भोकरदनच्या पुढे आमचं गाव, तिथे आमची शेती. आबांचं शेतीवर प्रेम होतं की नाही मला ठाऊक नाही, पण बैलांवर फार होतं. माणसांशी ते गरजेपुरतं बोलायचे. गावात कुणी विचारलं तर ‘पोरगा कंपनीत हाय’ एवढंच सांगायचे. कोणती कंपनी, हे कुणी विचारायच्या आत बैलांना पाणी दाखवायला निघून जायचे. आता सगळ्या सोयऱ्यांना कंपनी कळली होती.

वरातीनंतर आबा शेडवर आले. आल्यावर बसले नाहीत. पाटी बघितली, गणपती बघितला, गणपतीशेजारचे दोन अमेरिकन भाऊ बघितले. मग म्हणाले, “दिगंबर, तुझं तोंडच घराकडं न्हाई.”

रऊफभाई हातातला पाना पुसत बसला. तो पाना आधीच स्वच्छ होता.

“लोक हासून राह्यले. हासू दे. पण एक तरी वस्तू अशी दाखव की, जी निघाली अन् पोचली. मी काय पहिला नंबर मागून नाही राह्यलो.”

तेव्हा भोकरदनच्या बाजूला एका माळावर गाड्यांची शर्यत ठरत होती. बी-बियाण्यांचं दुकान असलेले एक भाऊसाहेब ती भरवत होते. त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि बैलांच्या शर्यतीत आता नावीन्य उरलं नाही, असं त्यांचं मत होतं. जीप, टेम्पो, काहीही चालेल, माळावर गोल पाच फेऱ्या मारायच्या. मी आबांना त्या शर्यतीचं सांगितलं.

आबांनी विचार केला आणि अट घातली. “जिथून निघंल तिथं सवताच्या पायानं माघारी आली, तर तू अन् तुझं शेड. मी परत नाव काढणार न्हाई. अन् मधातच बसली तर मी बैल घेऊन येतो. तिला दोर बांधून घराकडं नेऊ, अन् तूबी तिच्या मागं मागं यायचं. कायमचं.”

मला शेतीचा तिटकारा नव्हता. पण लोखंड लाल होऊन पाण्यासारखं पळतं आणि दोन तुकड्यांचा एक होतो, ते ज्यानं रोज बघितलंय त्याचं मन कपाशीत रमत नाही. आणि रऊफभाईचं काय? त्याच्या घरी शेत नव्हतं. शेड गेलं तर त्याला कुणाच्या तरी गॅरेजात नोकरीच धरावी लागली असती. तो हसून म्हणाला, “दिगूभाई, शेतात ट्रॅक्टर घेशील ना? मी यीन दुरुस्त करायला.” पण हसताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

मग आम्ही तिसरी कार बांधायला घेतली. म्हणजे अडीचावी.

तिच्यात जीव ओतला, हे मी आजही सांगेन. जुनी पेट्रोल जीप, सगळा बाडबिस्तरा काढून टाकलेली. पाइपांचा पिंजरा, उलटली तरी माणूस शाबूत राहावा म्हणून. प्रत्येक जोड मी दोनदा मारला. आणि मग रऊफभाईनं त्या अमेरिकन मासिकातून एक शोध लावला, ज्यावर पुढचं सगळं रामायण घडलं.

त्यानं सगळे फोटो जमिनीवर मांडले आणि म्हणाला, “देखो. कोणती गाडी उजवीकडं वळून राह्यली, दाखव.”

मी बघितलं. एकही नाही. सगळ्या डावीकडे. तिकडे म्हणे मैदानाला नेहमी डावीकडूनच फेऱ्या मारतात. भाऊसाहेबांकडे चौकशी केली, तर त्यांनीही डावीकडूनच सांगितलं. खूण म्हणून माळावर चुन्याची फक्कीही मारून घेतली होती.

“मंग उजवीकडं वळायचं सामान कशाला वागवायचं?” रऊफभाई म्हणाला.

आता हे विज्ञान बाहेरच्यांना समजावून सांगतो. एसटीत उभ्यानं प्रवास केलेल्या कुणालाही ते येतंच. बस डावीकडे वळली की आपण उजवीकडे झुकतो. गाडीचंही तसंच, डावी बाजू उचलते. म्हणून डाव्या बाजूला वजन पाहिजे. आम्ही गिरणीतून लोखंडाचा एक जाडजूड ठोकळा आणला, दोन माणसांना मुश्किलीनं उचलता येणारा, आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, पुढच्या टोकाशी अगदी खेटून, चेसीला वेल्ड केला. वेल्ड असा की गाडी तुटेल पण ठोकळा सुटणार नाही. त्यामुळे चाक उजवीकडे वळवलं की ठोकळ्याला अडकायचं. सरळ चाले, डावीकडे तर लोण्यासारखी वळे. उजवी बाजू तिच्या जन्मपत्रिकेतच नव्हती.

चाचणी आमच्याच रिकाम्या खळ्यावर घेतली. मधला खांब धरून डावीकडून फेऱ्या. ठोकळ्यामुळे गाडी अशी घट्ट धरून वळायची की, रऊफभाईच्या डोळ्यांत पाणी आलं. धुळीनं आलं असं तो म्हणाला. आबा बांधावर बसून बघत होते. बऱ्याच फेऱ्यांनंतर म्हणाले, “एवढ्यात दोन पोते जवारी मळून झाली असती.”

शर्यतीच्या सकाळी माझ्या बायकोनं, सुमननं, पिठलं-भाकरीचा डबा दिला. मला वाटलं, आता ती काहीतरी धीराचं बोलेल. ती म्हणाली, “गाडी आणा न आणा, डबा तेवढा माघारी आणा.”

माळावर ही गर्दी. आमच्यासह सहा गाड्या. चार जीप, एक मॅटाडोर आणि एक अँब्युलन्ससारखी दिसणारी अँबॅसिडर, जिला एकच दार होतं आणि तेही ड्रायव्हरनं आतून हातानं धरलं होतं. सगळ्या रेषेवर उभ्या राहिल्या तेव्हा आमची गाडी त्या सगळ्यांत एकटीच रेसिंग कार दिसत होती. पोरं तिला हात लावून बघत होती. आणि गर्दीच्या कडेला, बाभळीखाली, आबा. त्यांच्यासोबत माणक्या आणि हिरा ही बैलजोडी, आणि खांद्यावर दोरखंडाची गुंडाळी. त्यांनी मला हातही केला नाही. बैलांना वैरण टाकली.

सगळ्या गाड्या सुरू झाल्या, भाऊसाहेबांनी झेंडा उचलला, तेवढ्यात एक म्हातारा हातातली पूजेची थाळी तशीच घेऊन मधे येऊन उभा राहिला. हा गावचा गुरव.

मैदानाच्या मधोमध म्हसोबा होता. शेंदूर लावलेला दगड. तो सगळ्यांना माहीत होता, गाड्यांनी त्याच्या भोवतीच फिरायचं होतं. पण त्या फिरण्याला काय म्हणतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“भाऊसाहेब,” गुरव म्हणाला, “देवाला उलटी प्रदक्षिणा घालून राह्यले का?”

भाऊसाहेब गडबडले. “प्रदक्षिणा न्हाई बाबा, शर्यत हाय.”

“भोवती फिरायचं ना?”

“हो.”

“देव मधात ना?”

“हो.”

“मंग काय ऱ्हायलं? देव उजव्या हाताला पाहिजे. पाच तर पाच, पण सुलट्या. उलट्या बिलकुल चालायच्या न्हाईत.”

गर्दी गुरवाच्या बाजूची झाली. निवडणूक लढवू पाहणारा माणूस म्हसोबाशी वैर घेत नाही. भाऊसाहेबांनी माइकवरून जाहीर केलं, “गाड्या फिरवून घ्या. आता उजवीकडून.”

मी रऊफभाईकडे बघितलं. रऊफभाई ठोकळ्याकडे बघत होता.

“महादेव असता तर?” त्यानं हळूच विचारलं. त्याला आमच्या देवांची माहिती अर्धीच होती, पण अर्धी पक्की होती.

“तर अर्ध्यातून परत फिरावं लागलं असतं,” मी म्हणालो, “ते याच्याहून वाईट.”

ठोकळा काढायचा तर कटर पाहिजे. कटर जालन्यात. बाकीच्या पाचही गाड्यांनी तोंडं फिरवली. आमची फिरवून उपयोग नव्हता. उजवीकडे तोंड केलं असतं तर ती पहिल्याच वळणाला सरळ ज्वारीच्या शेतात गेली असती. म्हणून ती तशीच, सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. झेंडा पडला. पाच गाड्या धूळ उडवत निघून गेल्या आणि रेषेवर आम्ही उरलो. बाभळीखाली आबा उठून उभे राहिले आणि खांद्यावरचा दोर त्यांनी सारखा केला.

मला फक्त तिथून हळूच बाजूला व्हायचं होतं. चहाच्या टपरीमागे गाडी नेऊन लावावी, म्हणजे निदान सगळ्यांसमोर दोर बांधला जाणार नाही. मी रिव्हर्स टाकला. स्टेअरिंग सवयीनं डावीकडेच धरलं होतं. मान मागे वळवली आणि गाडी मागे घेत गेलो. टपरी काही येईना. थोडं पुढे गेल्यावर, म्हणजे मागे गेल्यावर, बघतो तर टपरी भलत्याच दिशेला आणि मी फक्कीच्या आत, रस्त्याच्या बरोबर मधोमध. म्हसोबा पाठीमागून बघता उजव्या हाताला.

खळ्यावर जो गोल गाडी पुढे जाताना डावीकडून मारत होती, तोच गोल ती आता मागे जाताना उजवीकडून मारत होती. साधा हिशोब आहे. ज्यानं बैलगाडी मागे ढकलली आहे त्याला कळेल. मला कळायच्या आत रऊफभाईला कळलं. तो बाजूनं पळत आला आणि म्हणाला, “रुको मत, दिगूभाई. ऐसेच जाने दो. सुलटी प्रदक्षिणा होऊन राह्यली.”

आणि मी शर्यतीत उतरलो, उलटा.

रिव्हर्स गियरबद्दल दोन शब्द सांगतो. तो गियर टपरीमागे गाडी लावण्यापुरताच बनवलेला असतो. पाच फेऱ्यांसाठी नाही. तो कुईं कुईं असा रडतो, आणि सारखा सुटतो, म्हणून एका हातानं त्याची दांडी दाबून धरावी लागते. दुसरा हात स्टेअरिंगवर. मान संपूर्ण मागे. माझी मान आजही गार हवेत डावीकडे वळताना विचार करते. बाकीच्या गाड्या मला मागून ओलांडायच्या, पण माझं पुढचं तोंड त्यांच्याकडे, त्यामुळे दर वेळी आम्ही दोन व्याही भेटावेत तसे समोरासमोर यायचो. अँबॅसिडरवाला मला बघून एवढा दचकला की नमस्कार करायला त्यानं धरलेलं दार सोडलं. दार माळावर राहिलं. तो पुढे गेला.

गर्दी आधी हसली, मग शिट्ट्या वाजायला लागल्या, मग आमची फेरी आली की लोक मोजायला लागले. पाचवी सुरू झाली तेव्हा बाकीच्या गाड्या केव्हाच पोचून चहा पीत होत्या. माळावर मी एकटा, आणि म्हसोबा.

पाचव्या फेरीच्या अर्ध्यावर, रेषेच्या अगदी पलीकडच्या टोकाला, पायाखालचा पॅडल एकदम मऊ झाला. इंजिन चालू, पण फक्त पुटपुटत होतं. रेसची तार तुटली होती. आख्ख्या वाटूर रस्त्याच्या रेसच्या तारा आम्ही बदलल्या, आपली जुनीच ठेवली होती. आमची गाडी रेसमध्ये होती आणि गाडीत रेस नव्हती.

मान मागे असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. आबा बैल घेऊन निघाले होते. म्हसोबाच्या बाजूनं, मैदान कापत, सावकाश. त्यांच्या चालण्यात आनंद नव्हता, हे मला इतक्या लांबूनही कळलं. वरातीत काळं तोंड घेऊन चाललेला नवरदेव जसा चालत होता तसे ते चालत होते. मी स्टेअरिंगवरचा हात काढला. घर, कपाशी, बांध, सगळं एका ओळीत दिसलं, आणि शेडचं शटर दिसलं, खाली ओढलेलं.

आबांच्या पुढे रऊफभाई पळत होता. तो आधी पोचला, इंजिनात वाकून बघितलं आणि मागे वळला. तोवर आबाही आले.

“आबा, कासरा द्या जरा,” तो म्हणाला.

कासरा म्हणजे बैलाची वेसणीची दोरी, गाडीवानाच्या हातात असते ती. आबांना वाटलं, गाडी ओढायला बांधायचीय. त्यांनी माणक्याचा कासरा सोडून दिला. रऊफभाईनं त्याचं एक टोक इंजिनातल्या त्या तारेच्या मुळाशी बांधलं, दुसरं टोक हाताला गुंडाळलं, आणि टुणकन आमच्या त्या ठोकळ्यावर जाऊन बसला, माझ्याकडे तोंड करून.

“आता चल,” तो म्हणाला, “रेस माझ्याकडं हाय.”

त्यानं कासरा ओढला. इंजिन ओरडलं. मी दांडी दाबली. गाडी मागे निघाली. वळणावर मी ‘कमी’ म्हणायचो की तो कासरा ढिला सोडायचा, ‘ओढ’ म्हटलं की ओढायचा. ठोकळा ज्या कामासाठी बसवला होता त्या कामी आला नाही, पण रऊफभाईला बसायला फार सोयीचा झाला. आबा तिथंच उभे, एका बैलाला कासरा आणि दुसरा मोकळा. मग मी त्यांना जन्मात पहिल्यांदा पळताना बघितलं. रेषेकडे. दोरखंड खांद्यावरून सुटून मागे लोळत होता आणि मोकळा माणक्या आपण होऊन त्यांच्या मागे येत होता.

आम्ही रेषा ओलांडली. आधी मागची चाकं, मग मी, मग पुढची चाकं आणि शेवटी रऊफभाई. इंजिन तिथंच बंद पडलं.

लोकांनी आम्हाला उचलायचंच बाकी ठेवलं होतं, पण भाऊसाहेबांनी माइक हातात घेतला. त्यांना सकाळपासून गुरवानं, मग अँबॅसिडरच्या दारानं आणि आता आम्ही छळलं होतं. ते म्हणाले, “ही गाडी आली असं धरता येणार न्हाई. एक तर दोन माणसं. अन् दुसरं, हिचं तोंड बघा. तोंड तिकडं. ही गाडी आलेलीच न्हाई, ही जाऊन राह्यली.”

मुद्दा बिनतोड होता. मी गाडीतून उतरायला बघत होतो, पण मान पुढे येत नव्हती, त्यामुळे मला आबाच दिसत होते, धापा टाकत रेषेवर पोचलेले, धुळीनं पांढरे, खांद्यावर दोरखंडाचं एकच टोक उरलेलं. अट त्यांचीच होती. निकाल भाऊसाहेबांच्या माइकवर नव्हता, तो त्यांच्याकडे होता, आणि ते गाडीच्या तोंडाकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. चार माणसांत तोंड न उघडणारे माझे आबा सगळ्या माळाला ऐकू जाईल एवढ्यानं बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांचे तेच लाजले:

“तोंड तिकडं आसंल भाऊसाहेब, पण आली तर घराकडंच ना.”